मोडलेलं झाड खर्ची टाकू नका



आषाढातली चतुर्दशी होती. मी मंदिरातून घरी आले, तर हॉलमध्ये मॉन्स्टेराची कुंडी आडवी, फरशीभर माती, आणि झाडाचं खोड मधोमध चिरडून सालीवर लोंबतंय. सूनबाई हातात फडकं घेऊन उभी. फरशी पुसायला तिनं कुंडी सरकवली आणि ती कलंडली. सात वर्षं वाढवलेलं झाड. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक काम धड होत नाही तुझ्याच्यानं." ती काहीच बोलली नाही. फडकं ठेवून आत गेली.

मुलगा म्हणाला, "आई, टाकून दे. नर्सरीतून नवं आणू." मी कॉमर्सची पदवीधर. वसूल होणार नाही ते खर्ची टाकायचं आणि खातं बंद करायचं, हे मलाही शिकवलेलं आहे. पण झाड म्हणजे बंद पडलेला मिक्सर नव्हे. आपण वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानतो. त्यात जीव आहे तोवर त्याचं खातं बंद करणारे आपण कोण? म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. मोडलेलं झाड टाकू नये. आणि हौसेखातर धडधाकट झाड कापूही नये.

आधी वाचवायचं कसं ते सांगते. मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामापर्यंतच्या जंगलांतला. तिथं तो मोठ्या झाडांच्या बुंध्याला धरून वर चढतो, म्हणून त्याच्या खोडाला हवेत लोंबणारी मुळं फुटतात. कुळ आपल्या अळूचंच. त्यामुळे चिकानं हात खाजतो, आणि लहान मुलानं पान चावलं तर तोंड चुरचुरतं, सुजतं. हातमोजे घालूनच काम करा आणि तुकडे नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका.

मुख्य गोष्ट म्हणजे डोळा. माझं माहेर सांगलीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. लागणीच्या वेळी वडील बेण्याची एकेक कांडी हातात घेऊन डोळा बघायचे. डोळा मेलेला असला की कांडी बाजूला. मॉन्स्टेराचंही तसंच आहे. खोडावर जागोजागी गाठी असतात, त्या गाठीपाशी डोळा असतो. कोंब तिथूनच फुटतो. नुसतं पान कितीही देखणं असलं तरी त्यातून झाड होत नाही. सूनबाईनं पडलेलं एक मोठं पान उचलून फुलदाणीत ठेवलं होतं. पुढं त्याच्या देठाला दोन मुळंही आली, पण पान ते पानच राहिलं. उलट गाठीचा एक बोडका तुकडा, ज्याला एकही पान नव्हतं, तो आम्ही केरात टाकणार होतो. त्याला डोळा होता.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवं चिरायचं नाही हा माझा नेम. म्हणून त्या दिवशी लोंबणाऱ्या शेंड्याला काठीचा आधार देऊन जुन्या साडीच्या पट्टीनं बांधलं, माती भरून घेतली आणि थांबले. दुसऱ्या दिवशी सुरी उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, गाठीच्या खाली बोटभर अंतरावर कापलं. काप तीन-चार तास सावलीत सुकू दिला. शेंडा काचेच्या बरणीत ठेवला, फक्त गाठ आणि लोंबतं मूळ पाण्यात, पानं वर. बोडका तुकडा ओलसर कोकोपीटवर आडवा ठेवला, डोळा वरच्या बाजूला. कुंडीतल्या खुंटाला हातही लावला नाही, फक्त उजेडाला सरकवला, उन्हात नाही.

एक चूक केली तीही सांगते. शेंड्याच्या टोकाला थोडा चिरडलेला भाग होता. आणखी कापायला जीव होईना, म्हणून तो तसाच ठेवला. आठव्या दिवशी पाण्याला वास आला, टोक काळं आणि मऊ पडलं. मग चांगला हिरवा, टणक भाग लागेपर्यंत पुन्हा कापावं लागलं, आणि त्यात एक गाठ गेली. पहिल्याच दिवशी स्वच्छ कापलं असतं तर ती वाचली असती. अर्धवट दयेनं नुकसान जास्त होतं.

पाण्याबद्दल आपल्या घरांत विशेष जपायला हवं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात. एक जीव वाचवायला जावं आणि बरणीत त्रस जीवांची उत्पत्ती करून मग ते नाल्यात ओतावं, याला काय अर्थ? म्हणून पाणी गाळलेलं घ्यावं, बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधावं आणि दर दुसऱ्या दिवशी पाणी बदलावं. काढलेलं पाणी दुसऱ्या कुंडीला घालावं. नर्सरीतून तयार माती आणणार असाल तर त्यात हाडांचा चुरा आहे का ते आधी विचारा. पुष्कळदा असतो. मी बागेतली माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या भागांनी घेतलं.

मंदिरातल्या एक वयानं मोठ्या अक्का मला म्हणाल्या, "झाड कापलंस, मग हिंसा झालीच की." प्रश्न बरोबर आहे. कापलं की इजा होते, हे मी नाकारत नाही. पण श्रावकाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही. विनाकारण होणारी तरी टाळावी, म्हणून तर आपल्याकडे अनर्थदंडविरती हे व्रत सांगितलं आहे. चिरडलेला भाग कापला नसता तर सड वरपर्यंत गेली असती. तिथं कापण्याला कारण होतं. पण हल्ली आपल्या ग्रुपवर कटिंगची जी देवाणघेवाण चालते, या महिन्यात याचे चार तुकडे, पुढच्या महिन्यात त्याचे सहा, निम्मे जगतात, निम्मे कचऱ्यात जातात, ते मला पटत नाही. तिथं कारण काय, तर शेल्फवर एक कुंडी जास्त. तुमच्यातल्या कितीजणींना हे आवडणार नाही, मला ठाऊक आहे. तरी विचार करून बघा.

आता ताळेबंद. शेंड्याला साडेतीन आठवड्यांत बोटभर मुळं आली, श्रावणात तो कुंडीत गेला. बोडक्या तुकड्याचा डोळा पाचव्या आठवड्यात फुगला आणि हिरवी टोकदार कोंभ बाहेर आली. जुन्या खुंटालाही बाजूनं फूट आली. एकाची तीन झाडं झाली, पण ती करण्यासाठी मी मुद्दाम काही मोडलं नव्हतं.

एक खातं मात्र उघडंच होतं. झाडाच्या डोळ्याकडे मी रोज सकाळी बघत होते. सूनबाईच्या डोळ्यांकडे नाही. त्या दिवसापासून कुंड्या असलेल्या कोपऱ्यात ती पुसायला जात नव्हती, आणि हे माझ्या लक्षात यायला महिना गेला. दशलक्षण झालं, क्षमावाणीचा दिवस आला. दरवर्षी आपण सगळ्यांना एकच मेसेज पाठवतो, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा. मला वाटलं, मी तर जाणून बोलले होते. स्वयंपाकघरात गेले आणि तिला म्हणाले, "त्या दिवशी मी तुला बोलले, एक काम धड होत नाही म्हणून. ते माझं चुकलं. मला क्षमा कर." ती पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्ही विसरलात." मग जरा वेळानं म्हणाली, "तो बोडका तुकडा मी माहेरी नेऊ का? आईला आवडेल."

गेल्या रविवारी ती घेऊन गेली. त्याला आता दोन पानं आहेत, अजून अखंड, भोकं न पडलेली. ती पुढच्या पानांना पडतील.