मनीचं ऑपरेशन: ठरवून की रात्री दोन वाजता?

हल्ली पिंपळे सौदागर, वाकड, रहाटणीत कुणाच्याही फ्लॅटवर जा, सोफ्यावर एखादी मनी पसरलेली असतेच. छानच आहे! पण "हिचं ऑपरेशन केलंत का?" असं विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. "बिचारीला एकदा तरी आई होऊ दे की!" नाहीतर, "अरे, ती घराबाहेर जातच नाही, मग कशाला?"

तर मंडळी, आधी पहिलं उत्तर. एकदा पिल्लं झाली की तब्येत चांगली राहते, या समजाला वैद्यकीय आधार नाही. उलट २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत स्तनांच्या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी होता. वर्षाच्या आत केलं तर ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर केलं तर फायदा जवळपास शून्य! आणि मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्याच निघतात. म्हणजे 'एकदा होऊ दे' म्हणत आपण नेमकी फायद्याची मुदत घालवतो.

आता दुसरं. घरातली मांजरही पाचव्या-सहाव्या महिन्यात माजावर येऊ शकते. युरोपात हिवाळ्यात दिवस लहान झाले की मांजरींचा माज थांबतो. आपल्याकडे दिवस फारसा लहान होतच नाही, त्यामुळे तशी सुट्टी नाही. बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच... ओरडणं, लोळणं, आणि दार उघडं दिसलं की धूम. बाहेर बोक्याच्या चाव्यातून एफआयव्हीसारखा विषाणू येतो तो वेगळाच.

शिवाय पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होणं. बोक्याशी संबंध न येताही तो होऊ शकतो. मनी खात नाही, पाणी खूप पिते, पोट फुगतं. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. १९५४ साली आपल्या पिंपरीत एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, स्थापन झाली. पण या दुखण्यात नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही. बहुतेक वेळा गर्भाशय काढावंच लागतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. ऑपरेशन तेच. सहाव्या महिन्यात केलं तर पेशंट तरुण, धडधाकट, संध्याकाळी घरी. आठव्या वर्षी केलं तर अंगात विष भिनलेलं, भूल जोखमीची, आणि वेळ रात्री दोनची. आपल्या भाषेत सांगायचं तर, ठरवून केलेला रिलीज की प्रोडक्शन बंद पडल्यावरची धावपळ?

ऑपरेशनचे तोटे नाहीतच असं नाही. भुलेचा थोडा धोका असतोच, म्हणून आधी रक्ततपासणीबद्दल विचारा. नंतर वजन वाढतं, तेव्हा खाणं मोजून द्या. पण ऑपरेशन टाळायला माज थांबवणारी हार्मोनची गोळी-इंजेक्शनं देत राहू नका. त्यांनी गाठी आणि पायोमेट्रा, दोन्हींचा धोका वाढतो.

तुमची मनी चार महिन्यांची झाली असेल, तर या शनिवारी डॉक्टरांना फोन करून तारीख घेऊन टाका. पिक्चर काय, रविवारीही बघता येईल.