'माझ्या फोनवर तर चालतंय' हे उत्तर घेऊ नका

जाहिरातीवर पैसे लावलेत, क्लिक येतायत, कार्टही भरतंय, पण पेमेंट काही होत नाही. अशा वेळी आपण आधी दर उतरवतो, मग फोटो बदलतो आणि शेवटी गिऱ्हाइकालाच नावं ठेवतो, 'नुसते बघायला येतात'. माझं मत स्पष्ट आहे. त्याआधी तुमची लिंक नक्की कुठे उघडते ते बघा.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर लिंक दाबली की बहुतेक वेळा क्रोम उघडत नाही, ॲपच्या पोटातलाच ब्राउझर उघडतो. अँड्रॉइडवर यामागे सहसा 'वेबव्ह्यू' असतो. साइट तीच दिसते, पण क्रोमला जमणारं सगळं याला आपोआप जमत नाही. फोटो अपलोड करणं, बिल डाउनलोड करणं, दुसरं ॲप उघडणं ही सोय ॲप बनवणाऱ्याने केली असेल तरच चालते. यूपीआयचं बटण म्हणजे शेवटी पेमेंट ॲपला हाक मारणारी लिंक. ती हाक पोचली नाही तर एरर येतो, नाहीतर पान पांढरं पडतं. गिऱ्हाईक मागे जातं, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

त्यात प्रत्येक फोनचं वेगळं! अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, वेबव्ह्यू प्ले स्टोअरवरून स्वतंत्र अपडेट होतो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन फोनवर व्हर्जन वेगळं असू शकतं. एकाने अपडेट केलेलं, दुसऱ्याच्या फोनमध्ये जागाच नाही. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूचं एक बिघडलेलं अपडेट आलं, तेव्हा अँड्रॉइडवर जीमेलसकट कितीतरी ॲप्स उघडताच बंद पडत होती. आयफोनवाले निवांत होते.

माझ्या बॅचला एक मसालेवाले होते. त्यांनी फक्त एक गोष्ट केली. ऑर्डर अडली असं कुणी सांगितलं की वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: फोन कोणता आणि लिंक कुठून उघडली. चौथ्या नोंदीलाच गोम कळली. लहान स्क्रीनचे स्वस्त फोन, आणि लिंक ॲपमधूनच उघडलेली. कीबोर्ड वर आला की पिनकोडचा रकाना त्याखाली झाकला जायचा. डेव्हलपरचा फोन मोठा, त्याला कसं दिसणार?

तुम्हीही हे दुकानात बसून करू शकता. कामावरच्या मुलाचा, शेजारच्याचा, घरच्यांचा जुना फोन घ्या. क्रोममध्ये पत्ता टाइप करू नका. स्वतःला मेसेजमध्ये लिंक पाठवा, ॲपमधूनच दाबा आणि एक रुपयाची वस्तू ठेवून पेमेंटपर्यंत जा. अडलं तर तीन टिंबांच्या मेन्यूतून तीच लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. बाहेर चाललं तर गडबड ॲपमधल्या ब्राउझरशी जुळण्यात आहे. दोन्हीकडे अडलं तर आधी साइट तपासा. एकाच फोनवर अडलं तर मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन आणि सेटिंगमधल्या ॲप्सच्या यादीतून 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू'चं व्हर्जन लिहून घ्या. स्क्रीन रेकॉर्डिंग तर कराच. दुसऱ्याच्या ॲपमधला वेबव्ह्यू डेव्हलपरला केबल लावून सहसा तपासता येत नाही, त्यामुळे तुमचा व्हिडिओ हाच त्याचा पुरावा.

डेव्हलपरकडे एक मागणी मात्र करा. साइटवर येणारा प्रत्येक ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो. वेबव्ह्यूच्या ओळखीत सहसा 'डब्ल्यूव्ही' अशी खूण असते, इन्स्टाग्राम तर स्वतःचं नावच लिहितं. अडलेली पेमेंट त्यानुसार वेगळी काढून द्यायला सांगा.

काही जण 'कृपया क्रोममध्ये उघडा' अशी पट्टी लावून मोकळे होतात. दोन दिवसांसाठी ठीक आहे. पण दुकानाचं शटर अडकलं म्हणून गिऱ्हाइकाला मागच्या दाराने किती दिवस बोलावणार? साइटचं काम देताना कागदावरच लिहून घ्या: तीन वेगवेगळ्या फोनवर, सोशल ॲपमधून उघडून पेमेंट झालेलं दाखवायचं, त्यानंतरच शेवटचा हप्ता.