गोलमेजाची शपथ

आर्थर राजा आणि त्याच्या गोलमेजाभोवती बसणारे शूर सरदार यांची कथा इंग्रजी वाङ्मयात आठ-नऊ शतके सांगितली जात आहे. असा राजा प्रत्यक्षात होऊन गेल्याचा विश्वसनीय पुरावा इतिहासाला मिळालेला नाही. त्याचे सरदारमंडळ तर कविकल्पनेचेच अपत्य होय. ११५५ साली वास या कवीने या मेजाचा प्रथम उल्लेख केला आणि ते गोल का, याचे कारणही दिले. मानाच्या जागेवरून सरदारांत तंटे होऊ नयेत म्हणून ते गोल. या कल्पनेतील समतेचा भास लोकांना आजही मोह घालतो. परंतु त्या मेजावर अन्न कोणी पिकवून आणले, हा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही.

टॉमस मॅलरीचा या कथेवरील ग्रंथ विल्यम कॅक्स्टनने १४८५ साली छापला. त्यातील सरदार दरवर्षी पेन्टेकॉस्टच्या सणाला शपथ घेतात. अत्याचार व खून करणार नाही, फितुरी करणार नाही, दयेची याचना करणाऱ्याला अभय देईन, कुलीन स्त्रियांच्या साहाय्यास धावून जाईन, द्रव्यलोभाने अन्याय्य पक्षाच्या बाजूने लढणार नाही, असा तिचा आशय आहे. यात नाव ठेवण्याजोगे काहीच नाही. मात्र सरदाराला पोसणारा शेतकरी त्या शपथेत कोठेही येत नाही, आणि राजाच चुकला तर काय करावे याचेही उत्तर तीत नाही.

कल्पित शपथेमागे जी खरी समाजव्यवस्था होती, तिचे अर्थकारण स्पष्ट आहे. मध्ययुगीन युरोपात सरदार धन्यापुढे गुडघे टेकी, आपले जोडलेले हात त्याच्या हातांत देई आणि ‘मी तुमचा माणूस’ असे वचन देई. त्या वचनाच्या बदल्यात त्याला जमीन मिळे. आणि जमिनीबरोबर ती कसणारी कुळे आपोआप येत. म्हणजे दोन माणसांच्या इमानाचा हा करार तिसऱ्याच्या श्रमावर उभा होता, आणि त्या तिसऱ्याची संमती कोणी घेतली नव्हती. पुढे एकेक सरदार अनेक धन्यांकडून जमिनी घेऊन अनेकांना वचने देऊ लागला. मग त्या धन्यांतच युद्ध जुंपले तर कोणाचे इमान राखावे, हा पेच उभा राहिला. त्यातून ‘प्रमुख धनी’ ठरविण्याची निराळी शपथ निघाली. शपथेवर शपथ चढविण्याची पाळी आली, यावरूनच पहिल्या शपथेची किंमत कळते.

कथेचा शेवटही हाच आहे. लान्सलॉट हा गोलमेजाचा सर्वश्रेष्ठ वीर. राजाचे मीठ खाल्लेले, पण राणीवरही निष्ठा जडलेली. जाळण्यासाठी नेलेल्या राणीला सोडविताना त्याच्या हातून नि:शस्त्र गॅरेथ अजाणता मारला जातो. ज्याला सरदारकीची दीक्षा त्याने स्वत: दिली, तोच हा गॅरेथ. गॅरेथचा भाऊ गवेन सूडाची शपथ घेतो आणि त्या शपथेमागे राजाला फरफटत युद्धात नेतो. राजा परदेशी गुंतला असताना मॉर्ड्रेड सिंहासन बळकावतो आणि राज्य लयाला जाते. येथे राज्य बुडते ते शपथ मोडणाऱ्यांइतकेच शपथ पाळणाऱ्यांच्याही हातून. प्रत्येकाची निष्ठा कोणा ना कोणा व्यक्तीशी बांधलेली आहे, आणि या व्यक्तींतला तंटा ज्याच्यापुढे न्यावा असा सर्वांवरचा कायदा कोठेच नाही.

राजसत्तेने मात्र या कथेचा उपयोग अचूक ओळखला. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४४ साली विंडसर येथे आर्थरप्रमाणे गोलमेज स्थापण्याचा संकल्प सोडला आणि १३४८ च्या सुमारास ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’ हे सरदारमंडळ प्रत्यक्षात आणले. त्याच सुमारास प्लेगच्या महामारीने देशातील फार मोठी लोकसंख्या गिळली. मजूर दुर्मीळ झाले आणि साहजिकच अधिक मजुरी मागू लागले. तेव्हा याच राजाच्या सरकारने १३४९ च्या हुकमाने व १३५१ च्या कायद्याने मजुरीचे दर महामारीपूर्वीच्या पातळीवर बांधून टाकले आणि जास्त मागणाऱ्याला शिक्षा ठेवली. वर सरदारांचा बंधुभाव आणि खाली श्रमिकांच्या पोटाला चिमटा, ही एकाच राजवटीची दोन अंगे होती. १३८१ च्या शेतकरी उठावात त्या कायद्याविरुद्धचा संताप सामावलेला होता.

एकोणिसाव्या शतकात ही कथा पुन्हा मखरात बसली. टेनिसनची आर्थरविषयक काव्यमाला १८५९ पासून प्रसिद्ध होऊ लागली. १८५७ चा उठाव चिरडल्यावर, १८६१ साली, व्हिक्टोरिया राणीने हिंदी संस्थानिकांसाठी ‘स्टार ऑफ इंडिया’ हे सरदारमंडळ काढले. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि बडोद्याचे खंडेराव गायकवाड होते. संकटकाळी राखलेल्या इमानाची ती पोचपावती होती. संस्थानिकाला तारा मिळाला. त्याच्या रयतेचा सारा त्यामुळे कमी झाला नाही. या मोहाला खणखणीत उत्तर रवींद्रनाथ ठाकूरांनी दिले. १९१५ साली मिळालेला ‘सर’ हा किताब त्यांनी जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर, १९१९ साली, व्हाइसरॉयला पत्र लिहून परत केला. सम्राटाने दिलेल्या मानापेक्षा आपल्या अवमानित देशबांधवांशी असलेले नाते त्यांनी श्रेष्ठ मानले.

व्यक्तिनिष्ठ शपथ आधुनिक राज्ययंत्राला जोडली की काय होते, हे विसाव्या शतकाने पाहिले. २ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांचे निधन झाले आणि त्याच दिवशी जर्मन सैनिकांच्या शपथेचे शब्द बदलले. आधीची शपथ जनता आणि पितृभूमी यांच्याशी होती; नवी शपथ हिटलरच्या नावाने, त्याच्या बिनशर्त आज्ञापालनाची होती. पुढे त्याचे गुन्हे डोळ्यांपुढे घडत असताना अनेक सेनाधिकाऱ्यांनी हात बांधून बसण्याचे कारण म्हणून हीच शपथ पुढे केली.

याचा अर्थ शपथच नको असा नव्हे. प्रतिज्ञेवाचून कोणतीही चळवळ उभी राहत नाही. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर गावोगाव पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचली गेली; ती कोणा नेत्याच्या सेवेची नव्हती, ध्येयाची होती. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार मंत्री शपथ घेतो ती पंतप्रधानांशी निष्ठेची नसते. ती संविधानाशी निष्ठेची असते, आणि कोणाविषयी ममत्व वा आकस न बाळगता सर्वांना न्याय देण्याची असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. १९७५ च्या आणीबाणीने तो इशारा किती रास्त होता ते दाखविले.

महाराष्ट्राने त्या इशाऱ्यापासून काय घेतले? २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा पाठीराख्यांकडून पाठिंब्याची प्रतिज्ञापत्रे गोळा करण्याची दोन्ही पक्षांत चढाओढ लागली. निवडणूक आयोगाने शेवटी निर्णय दिला तो मुख्यत: विधिमंडळातील संख्याबळावर. कार्यकर्त्याच्या सहीचे मोल तेवढेच ठरले. ‘साहेब कोणते’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्या कागदाला द्यायचे होते. कापसाचा भाव किंवा कंत्राटी कामगाराचे वेतन हे विषय त्यावर येण्याचे कारणच नव्हते.

हा दोष एकदोन पक्षांपुरता नाही, आणि समाजवाद्यांनीही तो केवळ इतरांच्या अंगणात शोधू नये. नेत्यांच्या व्यक्तिगत निष्ठांवरून समाजवादी चळवळ किती वेळा दुभंगली, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगावे लागत नाही. यावर उपाय साधा पण कष्टाचा आहे. पक्षाची घटना कागदावर न राहता पाळली जावी, अंतर्गत निवडणुका नियमाने व्हाव्यात, जमाखर्च सभासदांपुढे यावा, आणि नेत्याने जाहीरनामा मोडला तर त्याला जाब विचारणाऱ्या कार्यकर्त्याला फितूर म्हटले जाऊ नये. कार्यकर्त्याने इमान जरूर राखावे. पण ते ज्यांच्या श्रमावर मेज मांडले जाते त्यांच्याशी.