आता आमाना तरी इचारा!

नेवाळीच्या धावपट्टीचे काय करायचे ते ठरण्याआधी लोकांची सुनावणी घ्या

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि मलंगगड पट्ट्यातील बंधू-भगिनींनो,

नेवाळी नाक्यावरच्या कोंडीत आपण सगळेच कधी ना कधी अडकलो आहोत. त्याच नेवाळीच्या शिवारात, भातखाचरांना लागून, दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी आहे. तिथे नागरी विमानतळ करावा, अशी चर्चा गेली कित्येक वर्षे अधूनमधून उठते. मुंबईचा विमानतळ पुरेनासा झाला की उठते, थोड्या दिवसांनी विरते. प्रत्येक वेळी ती आपल्याला वर्तमानपत्रातूनच कळते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आता नेवाळीचा विषय संपला, असे कुणी समजू नये. सोळाशे एकरांहून मोठा, रस्त्यालगतचा, सरकारी ताब्यातला एवढा तुकडा या महानगरात कुणी कायमचा विसरून जाणार नाही. उद्या विमानतळ येईल, नाहीतर दुसरे काही येईल. आमचे म्हणणे एकच आहे: जे यायचे ते ठरण्याआधी आम्हाला विचारा. ठरल्यानंतर विचारतात, त्याला कळवणे म्हणतात.

न विचारता घेतलेली जमीन

१९४२ च्या सुमारास इंग्रज सरकारला युद्धासाठी विमानतळ हवा होता. नेवाळी, भाल, द्वारली, वसार आणि आजूबाजूच्या गावांची जमीन त्यासाठी घेतली गेली. युद्ध संपले की जमीन परत मिळेल, असे आपल्या वाडवडिलांना सांगितले होते, असे शेतकरी आजही सांगतात. जमीन रीतसर संपादित झाली आणि संरक्षण खात्याची आहे, असे सरकार सांगते. युद्ध १९४५ मध्ये संपले, इंग्रज १९४७ मध्ये गेले, वाद मात्र राहिला. मधल्या काळात त्याच जमिनीवर तीच कुटुंबे भात पिकवत राहिली.

२०१७ मध्ये नौदलाने कुंपणभिंतीचे काम काढले. २२ जून २०१७ रोजी त्याचा भडका उडाला. ऐन पेरणीच्या दिवसांत रस्ते अडले, पोलिसांची वाहने जळाली, पोलीस जखमी झाले, गावकरीही जखमी झाले. पुढे गुन्हे दाखल झाले आणि खाचरात असायची ती माणसे कोर्टाच्या तारखांना उभी राहिली. हिंसेचे समर्थन आम्ही करणार नाही. पण पाऊणशे वर्षे ज्यांना कुणी समोर बसवून विचारले नाही, त्यांच्या शेतात एका सकाळी भिंतीचा पाया खणला, तर काय होईल हे कळायला मोठी विद्वत्ता लागत नाही.

तिथल्याच एका घरी बसलो असताना आजोबांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत जुने सातबारे, फेरफाराच्या नकला, शेतसारा भरल्याच्या पावत्या. घडीवर कागद फाटला होता, तिथे खळीने पट्ट्या चिकटवलेल्या. एकेक कागद त्यांनी मांडीवर पसरला, तळहाताने सरळ केला आणि पुन्हा त्याच घडीने मिटला. मग म्हणाले, "आज्याला इचारला नाय, बापाला इचारला नाय. आता आमाना तरी इचारा." या पत्रकाचे नाव तिथून घेतले आहे.

हा प्रश्न एकट्या नेवाळीचा नाही

उल्हासनगरच्या बांधवांनो, तुमचे शहर आणि ही धावपट्टी एकाच युद्धाची लेकरे आहेत. कल्याणजवळ लष्कराची जी छावणी होती, तिच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही पत्ता सांगताना आपण कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पाच असेच म्हणतो. छावणीचे शहर झाले, धावपट्टीचा मात्र निकाल लागला नाही. घराखालची जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून सनदेची फाइल घेऊन सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवणे म्हणजे काय, हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक नाही. नेवाळीच्या शेतकऱ्याचे दुःख तुम्हाला वेगळे समजावून सांगायला नको.

अंबरनाथ आणि बदलापूरकरांनो, आपलाही संबंध थेट आहे. विमानतळ धावपट्टीच्या टोकाला संपत नाही. त्याच्या भोवती २० किलोमीटरच्या परिघात इमारतींच्या उंचीवर बंधने येतात आणि विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकतीचा प्रश्न उभा राहतो. तिन्ही शहरे या परिघात येतात. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. अशा जीर्ण इमारतींचा पुनर्विकास वाढीव मजल्यांवर अवलंबून असतो. मजले कापले गेले, तर ते घर पुन्हा बांधणार कोण?

कचऱ्याचे घ्या. विमानाला पक्षी धडकू नये म्हणून विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला विमान नियम १९३७ च्या ९१ व्या नियमाने बंदी आहे. कचरा कुठे टाकावा यावरून आजच आपली शहरे आणि शेजारची गावे भांडतात. मग ती जागा कुठे शोधणार?

पाण्याचे घ्या. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे टेकडी कापावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. २६ जुलै २००५ चा पूर आपण छातीभर पाण्यात उभे राहून पाहिला आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेही पाहिले. नेवाळीच्या माळावर भराव पडला तर कोणते नाले बुजतील आणि ते पाणी कुणाच्या घरात शिरेल, हे आम्हाला नकाशावर पाहायचे आहे.

फायदेही आहेत. रोजगार येईल, रस्ते येतील, एमआयडीसीतल्या मालाला वाट मिळेल. तेही मांडा. आकड्यांसह मांडा, म्हणजे लाभाची आणि हानीची तुलना आम्हाला करता येईल.

कायदा काय सांगतो

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत विमानतळ हा 'अ' वर्गातला प्रकल्प आहे. त्यासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हावी लागते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा किमान अप्पर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो आणि सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी कोण काय बोलले याचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवून त्याच दिवशी सही करावी लागते.

याच अधिसूचनेतल्या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली, सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी झाली असेच कागदावर लागते. दुसरी गोष्ट नेवाळीसाठी फार महत्त्वाची आहे. राष्ट्रीय संरक्षणाशी किंवा सामरिक बाबींशी संबंधित ठरवलेल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. नेवाळीची जमीन संरक्षण खात्याच्या ताब्यात आहे. उद्या प्रवासी विमानतळाची योजना या शिक्क्याखाली पुढे सरकली, तर आपल्याला सुनावणीच मिळणार नाही. देशाच्या संरक्षणाला आमचा विरोध नाही. पण प्रवाशांची तिकिटे विकणारा विमानतळ संरक्षणाच्या नावाखाली लोकांपासून लपवता येणार नाही, हे आजच लिहून घ्यायला हवे.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलम ४(१)(ग) आणखी पुढे जाते. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सगळी संबंधित माहिती सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करावी, असे ते सांगते. आम्ही वेगळी मेहेरबानी मागत नाही.

सुनावणीचा देखावा नको

सुनावण्या आम्ही पाहिल्या आहेत. मांडव घातलेला, पुढच्या दोन रांगांत साहेबांसाठी सोफे. अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. मराठी सारांश असा, की मास्तरांनाही दोनदा वाचावा लागेल. वेळ कामाच्या दिवशी सकाळी ११ ची, म्हणजे लोकलने कामाला जाणारा बदलापूरकर बाद आणि चूल, गुरे, शाळेतली पोरे सांभाळणारी बाईही बाद. एक आजी बोलायला उठली. विहिरीचे पाणी खारट होईल का, एवढेच तिला विचारायचे होते. "मुद्द्याचे बोला," असे सांगून तिला बसवले. तिच्या दृष्टीने मुद्दा तोच होता.

असा देखावा आम्हाला नको. ज्या बैठकीनंतर आराखड्यातली एखादी तरी रेघ सरकू शकते, तिलाच आम्ही सुनावणी म्हणू.

"विचारत बसलो तर विकास अडेल"

हे ऐकवले जाईलच. त्याला उत्तर इतिहासात आहे.

जपान सरकारने १९६६ साली टोकियोजवळच्या नारिता परिसरात विमानतळ जाहीर केला. शेतकऱ्यांना आधी विचारले नाही. पुढची बारा वर्षे शेतात लढाई झाली, पोलिसांची आणि आंदोलकांची माणसे मेली. १९७८ च्या मार्चमध्ये, उद्घाटनाला चार दिवस उरले असताना, आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रे फोडली. विमानतळ मे महिन्यात सुरू झाला, तोही एकाच धावपट्टीवर. दुसरी धावपट्टी यायला २००२ साल उजाडले. १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी शेतकऱ्यांची माफी मागितली. १९६६ मध्ये चार बैठका घेतल्या असत्या, तर किती माणसे वाचली असती!

आपल्या शेजारी गोव्यात मोपाचा विमानतळ पाहा. पर्यावरणाची माहिती नीट मांडली गेली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी स्थगित करून फेरविचार करायला लावला. फेरविचार झाला, अटी वाढल्या, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली. प्रश्न विचारले म्हणून विमानतळ बुडाला नाही.

आणि आपल्याच ठाणे-रायगड पट्ट्यात? नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात उरणच्या मातीत पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीची वाट मोकळी झाली. तिकडे पुणे जिल्ह्यातही, पुरंदरच्या सात गावांत मे २०२५ मध्ये विमानतळासाठी ड्रोनने मोजणी सुरू होताच पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले. मोजणी आधी आणि बोलणी नंतर, हा क्रमच चुकीचा आहे. विकास अडतो तो या उलट्या क्रमामुळे.

आमच्या मागण्या

१. नेवाळीच्या जमिनीची १९४० च्या दशकातली सगळी कागदपत्रे, म्हणजे नोटिसा, निवाडे, मोबदल्याच्या नोंदी आणि गावनिहाय सर्वे नंबर, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि पालिकेच्या फलकावर मराठीत लावा.

२. जमिनीच्या मालकीचा निकाल लागेपर्यंत कोणत्याही नव्या प्रकल्पासाठी मोजणी करू नका.

३. नागरी विमानतळाचा विचार असेल, तर संरक्षणाच्या सबबीखाली जनसुनावणी टाळली जाणार नाही, असे लेखी द्या.

४. आराखडा ठरण्याआधी किमान तीन पर्याय लोकांपुढे ठेवा. त्यांत 'विमानतळ नको' हाही एक पर्याय असू द्या.

५. आवाज, इमारतींची उंची, नाले, कचरा आणि रस्ते यांवरचे परिणाम शहरनिहाय, गावनिहाय नकाशावर दाखवा.

६. सुनावणी नेवाळीत, तसेच तिन्ही शहरांत, रविवारी घ्या. मराठी आणि सिंधी जाणणारे अधिकारी बसवा. बायकांसाठी बोलण्याची स्वतंत्र वेळ ठेवा.

७. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या. मान्य केली तर आराखड्यात काय बदलले ते सांगा, फेटाळली तर कारण सांगा.

आपण काय करायचे

बंधू-भगिनींनो, हे पत्रक वाचून घडी करून ठेवू नका. आपल्या गावच्या ग्रामसभेत, सोसायटीच्या सभेत, मंडळाच्या बैठकीत या सात मागण्या वाचा. पटल्या तर ठराव करा, न पटणारी मागणी बदला, राहिलेली घाला. ठरावाच्या तीन प्रती काढा. एक ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना, एक आपल्या पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्या, एक स्वतःकडे ठेवा. ज्यांच्या घरी जुने कागद आहेत, त्यांनी त्यांच्या झेरॉक्स काढून दोन वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. दगड हातात घेऊ नका. २०१७ चे खटले कुणाच्या वाट्याला आले, ते आठवा.

आणि ठराव द्यायला जाल तेव्हा आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोहोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आपल्या आज्यांकडे कागद होते. आपण काही विचारले होते, याची पोहोच मात्र त्यांच्याकडे नव्हती.

आपलेच,
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि नेवाळी परिसरातील नागरिक