एक पातेले, एक पंगत

दिवाळीच्या चार दिवसांचे कौतुक सगळे करतात. पाचव्या दिवसाचे कोणी करीत नाही. भाऊबीज उरकलेली असते, पाहुण्यांना गाडीत बसवून दिलेले असते, चकलीच्या डब्यात चुरा उरलेला असतो आणि करंजीकडे तर पाहवत नाही. संध्याकाळचे सात वाजतात आणि बाहेरच्या खोलीतून निरागस प्रश्न येतो, “आज जेवायला काय?” विचारणाऱ्याला गोड नको असते, तळलेले नको असते, वरणभातही नको असतो. आणि जिने उत्तर द्यायचे, तिला ओट्याकडे पाठ करून घटकाभर बसावेसे वाटत असते.

त्या संध्याकाळसाठी मी यंदा एका पातेल्यातले जेवण सुचवणार आहे. सॉसेज घालून केलेला पास्ता!

नाव ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांनी भुवया उंचावू नयेत. पास्ता मार्को पोलोने चीनमधून इटलीत आणला, अशी एक गोष्ट सांगतात. ऐकायला ती छान आहे, पण खरी नाही. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. आणि ११५४ मध्येच अल-इद्रीसी या अरब भूगोलतज्ज्ञाने लिहून ठेवले आहे की, सिसिली बेटावरच्या त्राबिया गावी शेवयांच्या जातीचा पदार्थ भरपूर तयार होतो आणि जहाजांत भरून दूरदूर जातो. शेवयाच त्या! आमच्या आज्या उन्हाळ्यात गच्चीवर काठ्यांवर वाळत घालायच्या, त्यांचीच ही सिसिलीकडची भावंडे. पिठाचे नातेही जवळचे आहे. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच लागतो, आणि आपला शेवयांना नावाजलेला बन्सी गहू याच ड्युरमच्या कुळातला. तेव्हा पाकीट घेताना त्यावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिले आहे ना, एवढे पाहावे. मैद्याची मॅकरोनी एका पातेल्यात शिजवायला गेले की तिचा गाळ होतो.

एरवी पास्ता करायचा तर भांड्यांची जत्रा भरते. एकात भरपूर पाणी उकळायचे, चाळणीत निथळायचे, तिसऱ्यात सॉस करायचा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मार्था स्ट्युअर्ट यांच्या मासिकाने कच्चा पास्ता, टोमॅटो, कांदा आणि पाणी एकाच भांड्यात शिजवायची कृती छापली, आणि ती जगभर गाजली. गाजू दे! आपल्याकडे शेंगोळे करणाऱ्या बाईला त्यात नवल वाटायचे कारण नाही. लसणाच्या फोडणीच्या पाण्यात कुळथाचे शेंगोळे सोडले, की त्यांच्याच पिठाने रस्सा दाट होतो. वरणफळांचेही तेच. पीठ ज्या पाण्यात शिजते, ते पाणी फेकायचे नसते, हे शहाणपण आपल्या स्वयंपाकघरात केव्हाचे आहे.

आता कृती. चार माणसांसाठी ३०० ग्रॅम पेने किंवा तसाच आखूड पास्ता, २५० ग्रॅम सॉसेज, दोन कांदे, सातआठ लसूणपाकळ्या, चार लाल टोमॅटो, एक ढोबळी मिरची, मूठभर चिरलेला पालक, किसलेले चीज आणि चवीपुरते तिखट-मीठ घ्यावे.

पातेले जाड बुडाचे आणि पसरट असावे. दोन चमचे तेलात सॉसेजचे तुकडे आधी चांगले तांबूस परतावेत. बाजारातली बहुतेक गोठवलेली सॉसेजेस शिजवलेलीच असतात. कच्ची असली तर आतपर्यंत शिजू द्यावीत. तुकडे ताटलीत काढून ठेवावेत. बुडाला जी तांबूस खरवड धरते, ती पाहून घाबरू नये आणि घासूही नये. सगळी चव तिथेच आहे. त्याच तेलात कांदा, मग लसूण परतावा. वर टोमॅटो घातले की त्यांच्या रसात ती खरवड आपोआप सुटून येते. टोमॅटो मऊ झाले की ढोबळी मिरची, कोरडा पास्ता आणि सुमारे ८०० मिलिलिटर कढत पाणी घालावे. पास्ता धुऊ नये. धुतला की वरचे पीठ जाते आणि रस्सा पाणचट राहतो. मीठ हात राखून घालावे, कारण सॉसेजमध्ये ते मुळातच असते.

उकळी आली की आच मध्यम करून अर्धवट झाकण ठेवावे आणि दर दोन मिनिटांनी तळापासून हलवावे. एवढी एकच चाकरी हा पदार्थ मागतो. पाणी आटले आणि पास्ता करकरीत वाटला तर कढत पाण्याचा हबका द्यावा. दहाबारा मिनिटांनी एक तुकडा चावून पाहावा. मऊ, पण दाताला किंचित लागणारा झाला की पालक आणि सॉसेज घालून गॅस बंद करावा. वरून चीज. दोन मिनिटांत रस्सा प्रत्येक तुकड्याला धरून बसतो. कुकरची शिट्टी मात्र करू नये. झाकणाआड काय चालले आहे ते कळत नाही, आणि कळते तेव्हा त्याची खीर झालेली असते.

गोव्याकडच्या वाचकांना हे सॉसेज फिके वाटेल, आणि ते खरेच आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळांसारखे टांगलेले चोरीस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दुसरे सॉसेज डोळ्यांत भरणे कठीण! पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले, मिरची त्यांच्याबरोबर अमेरिकेकडून आली, माडाच्या ताडीचे व्हिनेगर इथले. या साऱ्यांची गाठ डुकराच्या मांसाशी पडली आणि चोरीस जन्माला आले. ते वापरायचे तर १०० ग्रॅम पुरे. दोरा आणि वरचे आवरण काढून मंद आचेवर ठेवावेत. स्वतःच्याच लाल चरबीत ते शिजतात. तेल, तिखट, मीठ काहीही वरून नको, चीजही नको. गोव्यात याच चोरिसांचा पुलाव एका भांड्यात करतात; तांदळाच्या जागी पास्ता आला, एवढेच.

आता नाजूक विषय. आपल्या घरांत एका पातेल्याला एकमत लागते, आणि ते सहसा नसते. आमच्या सासूबाई शाकाहारी, मुलगा कोंबडीखेरीज बोलत नाही. मी पास्त्याचे पातेले शाकाहारीच ठेवते. सॉसेजच्या ऐवजी तांबूस परतलेले मशरूम घालते किंवा शिजवलेला राजमा. मुलाचे सॉसेज लहानशा तव्यावर वेगळे परतते आणि ज्याला हवे त्याच्या ताटलीत वाढते. तवा मुलाने घासायचा, हा करार आहे. सासूबाईंनी पहिल्यांदा चाखून “शेंगोळ्यांत टोमॅटो घातलास होय?” असे विचारले होते. त्यानंतर त्यांनी दोनदा वाढून घेतले.

पण हे सारे मी सांगते आहे ते भांडी वाचतात म्हणून नव्हे. आपल्या घरात शेवटची गरम पोळी कोण खाते, हे एकदा आठवून पाहा. तव्यावरची पोळी थेट पानात पडावी, ही आपली आदरातिथ्याची रीत. ती गोड आहे, मायेची आहे. पण ती पाळायला एक माणूस सतत उभे लागते, आणि ते माणूस सगळ्यांचे झाल्यावर गार भाजीशी जेवते. सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली असे दिसले, की घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ त्यात सरासरी २९९ मिनिटे जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, तर पुरुषांनी नऊ वाचवली! हिशेब जिथल्या तिथे.

एका पातेल्यातल्या पास्त्याने हा हिशेब फिटेल, असे मी म्हणत नाही. पण त्याचा एक गुण मोठा आहे. तो थांबत नाही. पाच मिनिटे उशीर झाला की रस्सा पिऊन फुगतो. म्हणून “तुम्ही बसा, मी आलेच” हे वाक्य त्याच्यापुढे चालत नाही. गॅस बंद केला की सगळ्यांनी एकदम बसावे लागते, आणि त्या सगळ्यांत रांधणारीही आलीच. पातेले टेबलाच्या मधोमध ठेवा, डाव एकाच्या हातात द्या, आणि तो हात त्या दिवशी तुमचा नसू द्या.

कांदा मुलीने चिरावा, लसूण मुलाने सोलावा, चीज आमच्या ‘ह्यां’सारख्यांनी किसावे, त्यात बोट कापायची भीती फारशी नाही. दिवाळीत घरभर दिवे लावणारीच्या पानातही वाफाळलेला घास पडावा, एवढीच या अंकाच्या सर्व वाचकांना माझी शुभेच्छा.