यंत्र आणि त्याची वार्ता

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात दरवर्षी कोणी ना कोणी पालक आम्हांस बाजूला घेऊन विचारतात, "सर, पोरगं इंजिनिअर झालं, आता म्हणतंय मार्केटिंगला जातो. म्हंजे दारोदार फिरून माल खपवायचा व्हय?" या प्रश्नामागे कर्ज काढून शिकविलेल्या मुलाची चिंता असते, म्हणून त्यास हसून उत्तर देणे आम्हांस कधी जमले नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा तेच उत्तर सविस्तर लिहावे असे आम्ही ठरविले.

हा व्यवसाय परक्या मुलखातून आपल्याकडे आला, असे मानण्याचे कारण नाही. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनविला. लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. केवळ वस्तू उत्तम असून भागत नाही, ती ज्याच्या हाती जायची त्याची शंका ओळखावी लागते, हे त्या दोन वर्षांनी शिकविले. पुढे १९१० साली औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तेथून 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची व मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि एजंटांपर्यंत नेणे, हा तिचा मूळ हेतू. १९२९ साली तिचेच नाव 'किर्लोस्कर' झाले. जुन्या पिढीने जे मासिक घरोघर वाचले, त्याचा उगम यंत्रांच्या प्रसिद्धीत आहे.

त्याच १९२० सालच्या ३१ जानेवारीस 'मूकनायक' निघाला. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, हे कोल्हापुरात सांगावयास नको. परंतु पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला होता, याची आठवण आपल्या मुलांना अवश्य द्यावी. एकीकडे माल होता, एजंट होते, पुढे छापखानाही आला. दुसरीकडे म्हणणे होते, पण ते सांगण्यास जागा नव्हती. बाबासाहेबांनी मग जागाच निर्माण केली. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले, त्याचे स्तंभच्या स्तंभ स्वतः लिहिले. आपली बातमी कोण छापील, का छापील, आणि न छापल्यास काय करावयाचे, हेच तर जनसंपर्काचे रोजचे काम आहे.

आता आजचे कोल्हापूर पाहा. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील फौंड्र्यांत ओतलेले सुटे भाग दूरदूरच्या गाड्यांत आणि पंपांत बसतात. गाडीवर नाव दुसऱ्याचे असते. तो व्यवहारच आहे. पण ज्याने भाग ओतला, त्याच्या स्वतःच्या माहितीपत्रकात तरी त्याचे कसब दिसावे! तेथे बहुधा 'उत्कृष्ट दर्जा, वेळेवर पुरवठा' हेच इंग्रजी वाक्य, शेजाऱ्याच्या पत्रकावरून उतरविलेले. कोणता धातू, किती पातळ भिंत, कोणता दोष कसा टाळला, हे सांगणारा माणूस त्या कारखान्यात नसतो.

तो माणूस आपल्या शाळेतून जाऊ शकतो, हे आमचे म्हणणे आहे. आमच्यापैकी एकास पहिल्या नोकरीत शेतीपंपाचे माहितीपत्रक लिहिण्याचे काम मिळाले. अधिकाऱ्यांनी अश्वशक्तीचे आकडे हाती दिले. ते बाजूला ठेवून तो दोन दिवस दुरुस्ती विभागात बसला. पंप परत का येतात, असे त्याने विचारले. रात्री दाब कमी झाला की मोटर जळते, हे उत्तर त्यास अनपेक्षित नव्हते. लहानपणी वडिलांबरोबर जळकी मोटर सायकलला बांधून तालुक्याला रिवायंडिंगसाठी त्याने स्वतः नेली होती. पत्रकाचे पहिले वाक्य त्याने कमी दाबाविषयी लिहिले. वरिष्ठ रागावले. महिनाभरात विक्रेत्यांनी त्याच पत्रकाच्या आणखी प्रती मागविल्या. ते वाक्य सुचण्यास लागणारे शिक्षण त्याच्या घरात झाले होते.

याचा अर्थ वाट सोपी आहे असा नव्हे. आमच्यातील दुसऱ्या एकास मुलाखतीत "तुमचे उच्चार ग्राहकांपुढे चालणार नाहीत" असे तोंडावर सांगण्यात आले. इंग्रजी चुकविता येत नाही, ती घासूनपुसून शिकावीच लागते, आणि तिला तीन-चार वर्षे लागतात. आरंभीचा पगार बरोबरीच्या अभियंत्याहून कमी असू शकतो. मंदी आली की पहिली कात्री बहुधा याच खात्यास लागते. पालकांनी हे ऐकूनच होकार द्यावा.

आणखी एक गोष्ट. वसतिगृहात संध्याकाळच्या वंदनेत खोटे न बोलण्याचे शील आपण सर्वांनीच घेतले आहे. या व्यवसायात त्याची परीक्षा दर आठवड्याला होते. प्रयोगशाळेत मिळालेला आकडा शेतावरचा म्हणून छापा, असे सांगणारे वरिष्ठ भेटतात. कोणत्या परिस्थितीत मोजले ते आकड्याखाली लिहावे, असा आग्रह आम्ही बहुतेक वेळा धरला. एकदा धरला नाही. नोकरी नवी होती, घरी बहिणीचे लग्न होते. ते पत्रक अजून आमच्या कपाटात आहे.

पदवी कोणतीही चालते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लिहिणे शिकावे, कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यंत्र उघडून पाहावे. शिवाजी विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचे शिक्षण मिळते, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. नेमणूक करणारे मात्र प्रमाणपत्राआधी लिहिलेली पाने मागतात. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता गुळगुळीत मजकूर क्षणात लिहून देते, म्हणून काहीजण घाबरले आहेत. आम्हांस उलट वाटते. गुळगुळीत मजकुराला आता किंमत उरलेली नाही. दुरुस्ती विभागात दोन दिवस बसणाऱ्याला आहे.

महिन्यातून एका रविवारी आठवी ते बारावीच्या मुलांबरोबर शाळेच्या ग्रंथालयात बसण्याचे आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी ठरविले आहे. येताना प्रत्येकाने घरातील एका यंत्राविषयी एक पान लिहून आणावे. पाण्याची मोटर, कडबाकुट्टी, शिलाई मशीन, काहीही. ते आधी आजीला वाचून दाखवावे, आणि जेथे तिने "म्हंजे काय रं?" असे विचारले, त्या ओळीखाली रेघ ओढावी. पहिल्या रविवारी त्या रेघांपासूनच सुरुवात करू.