नायडूंना लावतो तोच न्याय बाळूंना लावू या

१/ वर्ध्यात आर्वी नाक्यावर चहा घेताना ‘गावसकर मोठा की तेंडुलकर’ हा वाद ऐकला नाही, असा आठवडा जात नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या वादाआधीचा एक प्रश्न पडतो. दोन काळांतील खेळाडूंची तुलना करताना मोजमाप कोणते वापरायचे? आजच्या धाग्यात दोन माणसे आहेत : पळवणकर बाळू आणि कर्नल सी. के. नायडू.

२/ नायडू आपल्या विदर्भाचे. जन्म १८९५, नागपूर. घर सुखवस्तू. १९१६ मध्ये हिंदू संघातून पदार्पण. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईत एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा कर्णधार तेच होते.

३/ आता त्यांचे कसोटी आकडे पाहा. सामने ७, धावा ३५०, सरासरी २५, शतक एकही नाही. निव्वळ आकड्यांवर आज कोणी त्यांचे नावही घेतले नसते. तरीही आपण त्यांना थोर मानतो, आणि ते योग्यच आहे. पहिली कसोटी खेळताना त्यांचे वय ३६ होते. उमेदीच्या वर्षांत देशाला कसोटी संघच नव्हता. ही सवलत आपण त्यांना विनातक्रार देतो.

४/ हीच सवलत बाळूंना द्यायची वेळ आली की आपण गप्प का होतो?

५/ बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. चांभार समाजातले कुटुंब, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा, हे त्यांचे काम. जे. जी. ग्रेग यांच्यासारखा अव्वल फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी. बाळूंच्या हाती बॅट मात्र क्वचितच आली.

६/ पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण गोऱ्यांना हरवायचे होते. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

७/ १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीत ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास. कसोटी सामने शून्य, कारण भारताला कसोटी मिळाली तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती.

८/ कर्णधारपदाचे काय? १९१३ मध्ये कर्णधार एम. डी. पै यांनी एका समारंभात स्वतःच सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. तो मिळाला नाही. १९२० मध्ये याच प्रश्नावर त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले, तेव्हा कुठे तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. त्यांचे ‘माझे क्रीडा जीवन’ हे मराठी आत्मचरित्र १९४८ चे आहे. मिळाले तर जरूर वाचा.

९/ नायडूंच्या वाटेतही काटे होते. १९३२ च्या दौऱ्याचे अधिकृत कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. संस्थानिकांचे मानपान सांभाळूनच नायडूंना लॉर्ड्सवर उभे राहावे लागले. पण त्यांच्या पाठीशी पुढे होळकर दरबार उभा राहिला. ‘कर्नल’ ही पदवी तिथलीच. बाळूंच्या पाठीशी त्यांचे भाऊ होते.

१०/ मग बाळू स्मरणातून का निसटले? माझ्या मते त्यांना दोन्ही बाजूंनी वारस उरला नाही. खेळाच्या गौरवकथेला मातीच्या भांड्याची आठवण नको होती. दुसरीकडे, बाळू पुणे कराराच्या वेळी गांधीजींच्या बाजूने होते आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून हरले. ज्या चळवळीने त्यांचे नाव जपले असते, तिच्याशी त्यांचे अंतर पडले. त्यांची राजकीय भूमिका मला पटत नाही. पण त्यापायी त्यांचे १७९ बळी पुसले जाऊ नयेत.

११/ यात वर्धाही आहे. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी पंचरंगी सामन्यांबाबत गांधीजींचे मत विचारायला इथे आले. हे सामने थांबावेत असे वाटणाऱ्यांच्या बाजूने गांधीजींनी कौल दिला. खेळात धर्मवार संघ त्यांना मान्य नव्हते. १९४६ नंतर ती स्पर्धा संपली. गांधीजींचा आक्षेप संघासंघांमधल्या भिंतीवर होता. बाळूंचे आयुष्य एकाच संघाच्या आतली भिंत दाखवते, आणि ती स्पर्धेबरोबर पडली नाही.

१२/ नायडूंना १९५६ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्या नावाने राष्ट्रीय स्पर्धा आहे, जीवनगौरव पुरस्कार आहे. बाळू १९५५ मध्ये गेले. त्या तोडीची ओळख त्यांच्या वाट्याला आली नाही. नायडूंचे काही काढून बाळूंना द्या, असे मी म्हणत नाही. खेळाडूने काय केले हे विचारताना त्याला काय करू दिले गेले हेही विचारावे, एवढेच म्हणणे आहे. नायडूंसाठी हा प्रश्न आपण आपसूक विचारतो. बाळूंसाठी तो मुद्दाम विचारावा लागतो, यातच आपल्या समाजाचा इतिहास आहे.

पुढच्या वेळी चहाच्या टपरीवर पहिल्या थोर भारतीय क्रिकेटपटूचा विषय निघाला, तर हे नाव घेऊन पाहा. वाद नक्की रंगेल.